दोन गुणांचे उत्तर

पाचवीत बाईंनी विचारले होते, "अश्मयुगीन माणूस हत्यारे कशी करी?" मी लिहिले, "दगडावर दगड आपटून." दोनपैकी दोन गुण मिळाले.

ते उत्तर अपुरे होते, हे नेवाशाविषयी वाचताना कळले. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये प्रवराकाठी तिथे उत्खनन केले. सर्वांत जुनी हत्यारे म्हणजे हातकुऱ्हाडी. कडेचे छिलके उडवून मधला दगड वापरायचा. पुढे उलटे झाले. अकीक, जॅस्परचा छिलकाच तासणी नाहीतर टोचा म्हणून कामाला आला. ताम्रपाषाणयुगात, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी, कॅल्सेडनीच्या गाभ्यावर आधी उभा कंगोरा घडवत. तो निघाला की त्यामागोमाग लांब, सरळ पाती निघत. तांबे आले होते, पण थोडे. रोजचे कापणे दगडी पात्यांवरच चाले.

म्हणजे घाव तोच राहिला, घावाआधीची तयारी वाढत गेली. लिपी नसताना ती कुणीतरी कुणाला शेजारी बसवूनच शिकवली असणार. ही गोष्ट माझ्या उत्तरात नव्हती.

बाई, मेळाव्याला याल तेव्हा त्यातला एक गुण कापून घ्या.