शरीर कुणाचे, रेघ कुणाची?

नंदुरबारच्या शाळांतली आमची मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात, स्मरणचित्रात माणसे काढतात. पण ती माणसे कोण, हे त्यांना कुणी विचारत नाही.

मुंबईत 1857 साली जे. जे. कला शाळा निघाली. समोर मॉडेल बसवून कोळशाने मानवाकृती काढण्याची पाश्चात्त्य पद्धत अशा कला शाळांतूनच आपल्याकडे रुजली. कष्टकऱ्याचे शरीर तिथे स्नायू शिकण्यापुरते! कोळसा पुसता येतो, बोटाने घासला की छटा मऊ होते. शाईची रेघ मागे घेता येत नाही. 1943 च्या दुष्काळात चित्तप्रसाद यांनी बंगालमधले भुकेले लोक शाईने काढले. त्यांच्या 'हंग्री बंगाल'च्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या.

तरीही ती बाहेरून आलेली नजर होती. नागपूरचे सवी सावरकर (आडनावावरून गैरसमज नको, हे आंबेडकरी चित्रकार) आतून काढतात. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके, कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. तोच माणूस सावरकरांच्या चित्रांत काळ्याकुट्ट रेघांनी उभा राहतो. कुणी त्याला विद्रूप म्हणेल. मग ते मडके काय सुबक काढायचे?

जयंतीच्या बॅनरवर आपण हजारो रुपये घालतो. शाईची दौत स्वस्त आहे, चुलीतला कोळसा तर फुकट. गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या आयाबापांचे कोयता धरलेले हात आम्हाला येत्या 14 एप्रिलला भिंतीवर पाहायचे आहेत, त्यांच्याच मुलांनी काढलेले.