विजेच्या गिटारचा निर्मळ स्वर



रॉक संगीताचें नांव निघालें कीं अनेकांच्या मनापुढें कर्कश गोंगाटाचें चित्र उभें राहतें. परंतु त्या संगीतांतील वाद्यांचा इतिहास पाहिला, तर निदान आरंभीं तरी कारागिरांची धडपड स्वच्छ, निर्मळ स्वरासाठींच चाललेली होती, असें दिसून येईल.

विजेच्या गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्याखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली म्हणजे वेटोळ्यांत अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ॲम्प्लिफायरमधील व्हॉल्व्ह तो वाढवून कर्ण्याकडे पाठवितात. मात्र व्हॉल्व्हच्या शक्तीला मर्यादा आहे. ती ओलांडली कीं ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि स्वर फाटतो.

ही अडचण १९५९ च्या सुमारास इंग्लंडांत प्रकर्षानें जाणवली. लखनौस जन्मलेले गायक क्लिफ रिचर्ड यांनीं त्या वर्षीं आपले साथीदार हँक मार्व्हिन यांच्यासाठीं अमेरिकेहून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार मागविली. जोडीला व्हॉक्स कंपनीचा, डिक डेनी यांनीं रचलेला १५ वॉटचा ॲम्प्लिफायर होता. परंतु तरुण प्रेक्षकांच्या आरोळ्यांपुढें तो अपुरा पडूं लागला. आवाज वाढवावा तर स्वर फाटे, न वाढवावा तर ऐकूं येईना! तेव्हां ३० वॉटचें यंत्र सिद्ध झालें. शक्ति दुप्पट झाली म्हणून आवाज दुप्पट होत नाहीं. वाढ अवघी ३ डेसिबलची. खरा लाभ राखीव शक्तीचा होता. १९६० सालीं मार्व्हिन यांच्या ‘शॅडोज’ मंडळीनें वाजविलेली ‘अपाचे’ ही धून इंग्लंडांत पांच आठवडे अग्रस्थानीं राहिली.

पुढें वारें फिरलें. १९६५ सालीं ‘रोलिंग स्टोन्स’ यांच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ गीतांतील रिफ्, म्हणजे पुनःपुन्हा येणारी छोटी स्वरावली, मुद्दाम फाटक्या स्वरांत वाजविली गेली. दोषच अलंकार ठरला! तरीहि निर्मळ स्वराची ओढ संपली नाहीं. १९७५ सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें व्हॉल्व्हऐवजीं ट्रान्झिस्टर वापरून १२० वॉटचें ‘जॅझ कोरस’ यंत्र काढलें. तें आजहि याच गुणासाठीं नांवाजलें जातें.

निर्मळ स्वरांत रिफ् बसवितांना हाच इतिहास मार्गदर्शक होतो. आरंभींची पातळी ठरविणारी ‘गेन’ची कळ खालीं ठेवावी व आवाज शेवटच्या कळीनें वाढवावा. खर्जाचा भाग थोडा कमी करावा, म्हणजे स्वर एकमेकांत मिसळत नाहींत. मग आपण वादनांत जितक्या जोरानें तार छेडणार, तितक्याच जोरानें छेडून पाहावी. तो आघात स्वच्छ उमटला, तर हलके आघात उमटणारच.

फाटका स्वर हाताच्या कांहीं उणिवा झांकतो. निर्मळ स्वरांत मात्र बोट जरा ढिलें पडलें, तरी तें तत्काळ ऐकूं येतें. शिकणाऱ्यानें म्हणूनच आरंभ या स्वरापासून करावा, हें बरें.