शिशाच्या तुकड्याचे घराणे

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर मोटारीचे चाक यंत्रावर गरगर फिरवून, पडद्यावरचा आकडा वाचून, रिमच्या कडेला हातोडीने ठोकून बसवला जाणारा शिशाचा चिमुकला तुकडा कोणत्या घराण्याचा, असे विचारले तर बहुतेक जण बैलगाडीच्या सुताराकडे बोट दाखवतील. आरे, लोखंडी धाव, १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने केलेला हवेचा टायर, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएटचे भांडुपचे टायर, ही चाकाची वंशावळ बिनतक्रार मान्य आहे. परंतु चाकाचा वंश निराळा आणि शिशाचा निराळा, आणि शिशाचे मूळ घर रेल्वेचे, असा माझा दावा आहे.

सुताराची कैफियत एका हिशेबात निकालात निघते. असमतोल चाकाची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रिमच्या एका बाजूस ३० ग्रॅम जास्त असतील, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला बाराहून अधिक फेरे घेते आणि ते ३० ग्रॅम जवळजवळ ४ किलोंच्या जोराने खेचतात. बैलाच्या पावलाने, ताशी ४ किलोमीटरला, तीच ओढ चारशे पटींनी घटून १० ग्रॅमवर येते. जी व्याधी सुताराला आयुष्यात भेटली नाही, तिचे औषध त्याच्याकडे कोठून असणार?

सायकलीचा दावा यापेक्षा सबळ. सायकल उलटी करून चाक मोकळे सोडले की जड बाजू खाली येऊन थांबते, हे शाळकरी पोरही जाणते. पण मोटारीचे चाक रुंद. त्याच्या आतल्या कडेला एकीकडे व बाहेरच्या कडेला नेमके विरुद्ध बाजूस जडपणा असेल, तर उभे असताना ते निर्दोष भासते आणि धावू लागताच वळवळते, म्हणूनच दोन्ही कडांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. हे दुहेरी गणित सोडवणे आगगाडीच्या इंजिनाला कधीच भाग पडले होते, कारण त्याच्या एकाच आसावर डावीकडचा व उजवीकडचा दांडा काटकोनात जोडलेले असत आणि भरधाव इंजिन आडवे हेलकावत रुळांवर घणाचे घाव घाली. उपाय म्हणून आऱ्यांमध्ये अर्धचंद्राकार वजन भरू लागले. या स्थैर्यावर फ्रान्समध्ये ल शातेलिए याचा ग्रंथ १८४९ मध्ये निघाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला. घाटात मालगाड्या ओढणारी कल्याणच्या शेडची ‘खेकडा’ इंजिने तर विजेवर चालणारी. तरीही त्यांची चाके दांड्यांनी जोडलेली असल्यामुळे अर्धचंद्र त्यांनाही सुटला नाही. पुढे डार्मश्टाटच्या शेंक कारखान्याने टर्बाइनचे फिरते भाग तोलण्याची यंत्रे बांधली, आणि तेथूनच ही विद्या गॅरेजात उतरली असावी, हा माझा तर्क.

निदानाची कलाही रेल्वेचीच म्हणावी. फलाटाला गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला तपासनीस प्रत्येक चाकावर टोला हाणी. आवाज खणखणीत आला तर ठीक, मडक्यासारखा बद्द आला तर चाकाला तडा. आजचा कारागीरही आधी गिऱ्हाइकाची फिर्याद ऐकतो. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते? पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग. थरथर बैठकीत जाणवते? मग मागची चाके. गाडी एका बाजूला ओढते, तर अलाइनमेंट किंवा हवा पाहायची. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर बहुधा बेअरिंगची. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. मात्र कल्याण–शीळ रस्त्याच्या खड्ड्यात वाकलेल्या रिमवर शिसे चढवीत बसणारा कारागीर मला नामंजूर आहे. ते रिम आधी सरळ झाले पाहिजे.

पावसाळ्यानंतर गाडी बॅलन्सिंगला नेणाऱ्याने एवढे जरूर करावे: रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून, जुनी वजने काढून मगच चाक यंत्रावर चढवायला सांगावे, नाहीतर यंत्र चिखलाचाच तोल साधते आणि तो चिखल पुढच्या खड्ड्यात गळून पडतो.