रेकॉर्डचं कव्हर आणि करारातली एक ओळ

हा भाग तुम्ही मोबाईलवर ऐकत असाल, तर स्क्रीनवर एक छोटंसं चौकोनी चित्र दिसत असेल. त्यावर पॉडकास्टचं नाव, जरा वेगळ्या वळणाच्या अक्षरांत. आता गंमत बघा, ऐकायच्या गोष्टीला बघायचं चित्र कशाला लागतं? आणि त्यासाठी खास अक्षरं काढावीत, हे सुचलं कुणाला?

त्यासाठी १९३९ च्या अमेरिकेत जाऊया.

तेव्हा ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड असायच्या. मोठ्या रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटांचं संगीत मावायचं. बेथोव्हेनची एखादी मोठी सिम्फनी ऐकायची म्हणजे सहा-सात रेकॉर्ड लागायच्या. त्या सगळ्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड वहीत घालून विकायचे. आपण आजही गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ म्हणतो ना, ते तिथूनच आलं. पण ही वही बाहेरून अगदी रटाळ. तपकिरी नाहीतर करडा कागद आणि त्यावर नाव, बस्स. दुकानात ओळीने उभ्या ठेवलेल्या या वह्यांना लोक चक्क ‘थडगी’ म्हणायचे!

त्या वर्षी कोलंबिया रेकॉर्ड्सने ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या ब्रुकलिनच्या एका तरुणाला आर्ट डायरेक्टर म्हणून घेतलं. वय बावीस-तेवीस. त्याचं म्हणणं साधं होतं: आत इतकं सुंदर संगीत आहे, ते बाहेरून दिसायला नको का?

१९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांचा अल्बम आला. स्टाइनवाइसने काय करावं? न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या मालकाला पटवलं आणि दारावरच्या दिव्यांच्या पाटीवर थोड्या वेळासाठी अल्बमचं नाव लावून घेतलं. त्याचा फोटो काढला आणि तेच झालं कव्हर. म्हणजे सुरुवातच अशी, की अक्षरं छापखान्याच्या खणातून उचलली नाहीत, त्या एका अल्बमसाठी रस्त्यावर उभी केली.

मग बेथोव्हेनच्या ‘इरोइका’ सिम्फनीला नवं कव्हर मिळालं आणि तिची विक्री जवळजवळ ९०० टक्क्यांनी वाढल्याची बातमी ‘न्यूजवीक’ने दिली. आत संगीत तेच, बदललं फक्त बाहेरचं.

पुढे त्याने स्वतःचं एक हस्ताक्षरच तयार केलं. बारीक, गिरक्या घेणारं, घाईघाईत लिहिल्यासारखं. त्याला नाव पडलं ‘स्टाइनवाइस स्क्रॉल’. यामागे एक व्यवहारी कारणही होतं. कंपनी होती कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावात आणि तिथे चांगले टाइप सहज मिळत नव्हते. शिवाय शिशाचे टाइप ठरलेल्या मापाचे आणि सरळ रेषेत बसणारे. हाताने काढलेलं अक्षर मात्र चित्राला वळसा घालून जातं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हवी तशी लायब्ररी मिळेना, म्हणून पठ्ठ्याने फंक्शन स्वतःच लिहिलं.

आता खरा मुद्दा. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली. एका बाजूवर वीसेक मिनिटं! पण सुरुवातीच्या जाड कागदी पाकिटांचे व्रण रेकॉर्डवर उठायचे. स्टाइनवाइसने पातळ पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून चौकोनी जॅकेट बनवलं. जगभरात तेच रूढ झालं. आपल्याकडे एखाद्या काकांच्या कपाटात एचएमव्हीच्या जुन्या मराठी एलपी असतील, तर त्यांचं पाकीटही त्याच घराण्यातलं.

मग हा माणूस गडगंज झाला असेल? नाही. नोकरीत असताना लावलेल्या शोधावरचा हक्क सोडावा लागेल, असं त्याच्या करारात होतं. लाखो जॅकेटं खपली, त्याला त्यावर रॉयल्टी मिळाली नाही.

हे वाचून मी माझं ऑफर लेटर उघडलं. आहे की तीच ओळ! तुमच्याही लेटरमध्ये बहुतेक असेल. कंपनी पगार देते, यंत्रं देते, तोट्याची जोखीम घेते, त्यामुळे ही अट सरसकट अन्यायाची आहे असं मी म्हणणार नाही. पण सही करण्याआधी ती वाचली पाहिजे. ऑफिसच्या वेळेबाहेर, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेलं काम तिच्यात येतं का, हे बिनधास्त विचारा. विचारल्याने नोकरी जात नाही.

स्टाइनवाइस २०११ मध्ये, ९४ व्या वर्षी गेला. जॅकेटच्या शोधाचा हक्क त्याच्याकडे राहिला नाही. त्या गिरकीदार अक्षरांना मात्र आजही त्याच्याच नावाने ओळखतात, त्यांचा डिजिटल फाँटसुद्धा निघालाय. करारात हक्क लिहून देता येतो. हाताचं वळण तसं देता येत नाही.

तर आज एक करा. तुमच्या आवडत्या अल्बमचं कव्हर मोठं करून बघा आणि त्यावरची अक्षरं कुणी काढली ते शोधा. नाव सापडलं, तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!