पावशेर खिम्याचा इतिहास

बाहेरगावचा कुणी भेटला आणि मी छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे जुन्या औरंगाबादचा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'तुमच्याकडे नान-खलिया चांगला कुठे मिळतो?' मी आनंदाने पत्ता सांगतो. पण मनात येतं, आमच्या घरांत नान-खलिया वर्षातून शिजतो किती वेळा? लग्नाला, वलीम्याला, एखाद्या मोठ्या दावतीला. नान तर भट्टीवरूनच आणावे लागतात. एरवी मंगळवारच्या किंवा बुधवारच्या रात्री, माणसं कामावरून थकून आलेली असताना, मुलं भुकेने कुरकुरत असताना आमच्या घरांत जे शिजतं, ते खिमा. त्याचा पत्ता मात्र कुणी विचारत नाही. आज त्याच्याबद्दल बोलावं असं ठरवलं आहे.

नान-खलियाची गोष्ट आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्याच्या फौजेच्या छावणीत मोठमोठ्या देगींमध्ये हा पदार्थ शिजू लागला, असं सांगतात. ही गोष्ट सांगोवांगीची आहे, पण मोठी गोड आहे. तिच्यात सुलतान आहे, फौज आहे, देग आहे. इतिहासाला अशा गोष्टी आवडतात. खिम्याच्या गोष्टीत सुलतान नाही. तिथे एक बाई आहे, एक पातेलं आहे आणि पावशेर मांस आहे, ज्यात सहा माणसांचं जेवण व्हायचं आहे.

तरीही जुन्या ग्रंथांची पानं नीट चाळली तर खिम्याच्या खुणा सापडतात, आणि त्या तुघलकाच्याही आधीच्या सापडतात. आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागूनच कल्याणी आहे, आजचं बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे. मांस बारीक करून, त्यात मसाले घालून त्याचे गोळे करणं, वांगी पोखरून त्यात ते सारण भरून तळणं, असे प्रकार त्यात येतात. म्हणजे खिमा हा शब्द बाहेरून आला असला, तरी मांस बारीक करण्याची कला इथे आधीपासून नांदत होती.

मग आला इब्न बतूता. हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात तुघलकाच्या दरबारी काही वर्षं काझी होता. त्याने 'समोसक' नावाच्या पदार्थाचं वर्णन करून ठेवलं आहे. बारीक केलेलं मांस, त्यात बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले, हे सारं पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेलं. आपल्या समोशाचा हा पूर्वज. हाच इब्न बतूता १३४२ साली दिल्ली सोडून निघाला, तो दौलताबादला आला आणि पुढे नंदुरबारला गेला. नंदुरबारच्या मराठी माणसांविषयी तो लिहितो, की यांचं अन्न म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचं तेल. प्राण्यांना मारणं यांना आवडत नाही. एकाच प्रवाशाच्या एकाच पुस्तकात खिम्याचा समोसाही आहे आणि तिळाच्या तेलातली भाजीही आहे. या दोन ताटांच्या मधल्या जागेत आपल्या दख्खनचा सगळा स्वयंपाक उभा राहिला, असं मला वाटतं.

आता शब्दाकडे येऊ. मी पडलो कवी, त्यामुळे पदार्थाआधी मला त्याचं नाव चाखावंसं वाटतं. तुर्की भाषेत 'कियमाक' म्हणजे बारीक तुकडे करणं. त्यावरून 'कियमा'. हा शब्द फारसीत आणि उर्दूत 'क़ीमा' झाला. तिकडे पश्चिमेला ग्रीक लोकांनीही तोच उचलला. ते त्याला 'किमास' म्हणतात. मग मराठीत 'ख' कुठून आला? उत्तर आमच्या बोलीत आहे. दखनी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी घशातला 'क़' राहत नाही, त्याचा 'ख' होतो. उत्तरेत 'क़लिया', आमच्याकडे 'खलिया'. उत्तरेत 'क़ीमा', आमच्याकडे 'खिमा'. लखनौचे पाहुणे या उच्चाराला हसतात. हसू देत. मराठीने जेव्हा हा शब्द आपला केला, तेव्हा तो 'ख' घेऊनच केला. दिल्लीच्या किताबांतून आला असता तर तो 'किमा' राहिला असता. तो शेजारच्या घरातून, बाजारातून, खाटकाच्या ठोकळ्यावरून कानांनी ऐकून आला, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा कुठला हवा? वली आणि सिराज यांच्यासारखे शायर ज्या शहराने दिले, त्या शहराच्या बोलीने मराठीला दिलेला हा एक छोटासा, चवदार शब्द आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी त्याने प्रमाणांसह दिली आहे. त्यात खिम्याचा पुलाव आहे आणि खिम्याचा शोरबाही आहे. मसाल्यात मिरी, जिरं, वेलची, लवंग, आलं. मिरचीचा पत्ता नाही. बटाटा नाही, टोमॅटोही नाही. ही मंडळी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आली आणि आपल्या स्वयंपाकघरात रुळायला त्यांना पुढची दोन-तीन शतकं लागली. तेव्हा हिरव्या मिरचीचा ठेचा घातलेला आमचा झणझणीत खिमा अकबराने चाखला असता, तर तो पाण्यासाठी धावला असता. पण त्या यादीतली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. बादशहाच्या खिम्याच्या पुलावातही आणि शोरब्यातही हरभऱ्याची डाळ आहे. जिथे मांसाला तोटा नव्हता, तिथेही डाळ आहे. आमच्या घरांत ती डाळ चवीसाठी असतेच, पण त्याहून जास्त ती पुरवठ्यासाठी असते.

खिम्याचं मर्म या पुरवठ्यात आहे. पावशेर मांसाचे तुकडे केले तर मोजून आठ-दहा होतात. कुणाच्या ताटात दोन, कुणाच्या एक, आणि वाढणारीच्या ताटात नुसता रस्सा. त्याच मांसाचा खिमा केला की ते मोजता येत नाही. त्यात बटाटा घाला, मटार घाला, मेथी घाला, हरभऱ्याची डाळ घाला. प्रत्येक घासात मांसाची चव येते आणि कुणाला कमी मिळालं हे दिसत नाही. माझी अम्मी म्हणायची, खिम्यात भांडण होत नाही. आमच्या शेजारच्या पाटलांच्या घरी मटण शिजायचं ते रश्श्याचं. पाहुणा वाढला की वहिनी रश्श्यात पाणी वाढवायच्या, अम्मी खिम्यात बटाटा वाढवायची. हिशेब दोघींचा एकच होता.

या दोन चुलींना जोडणारा एक माणूस आपल्या गावगाड्यात होता. मुलाणी, जुन्या कागदांतला मुलाणा. ग्रँट डफ यांनी १८२६ साली मराठ्यांचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यात बलुतेदारांमध्ये मुलाण्याचाही उल्लेख आहे. गावातल्या जत्रेचं, नवसाचं बकरं मुलाण्याच्या हातून हलाल व्हायचं आणि त्याबद्दल त्याला त्याचा वाटा मिळायचा. ही रीत कुणी एकोप्याचं व्याख्यान म्हणून पाळत नव्हतं. गावाचं ते काम होतं आणि ते करणारा माणूस ठरलेला होता. अनेक गावांत ती रीत परवा-परवापर्यंत चालू होती.

खाटकाच्या दुकानात खिमा पूर्वी सुऱ्यानेच व्हायचा. लाकडाच्या ओंडक्यावर दोन हातांत दोन सुरे घेऊन खटखट, खटखट. हाताने फिरवायचं मांस बारीक करण्याचं यंत्र एकोणिसाव्या शतकात युरोपात आलं. त्याचं श्रेय जर्मनीच्या कार्ल ड्राइस यांना देतात. १८१७ साली सायकलचा पूर्वज ठरलेली दुचाकी बनवणारे तेच हे ड्राइस. आमच्याकडे जुनी माणसं अजूनही म्हणतात, मशीनचा नको, हाताचा दे. त्याला कारण आहे. सुऱ्याने मांसाचा दाणा राहतो, यंत्रात ते चेंगरतं आणि शिजताना त्याचा लगदा होतो.

आता तुमच्यापैकी कुणी विचारेल, करायचा कसा? इतिहासाच्या भाषणात पाककृती सांगू नये असा काही नियम नाही. अर्धा किलो खिमा चाळणीत हलक्या हाताने धुऊन पूर्ण निथळू द्यावा. तेलात दोन-तीन कांदे बदामी होईपर्यंत परतावेत, त्यात आलं-लसणाचं वाटण, हळद, तिखट, धणेपूड घालावी. मग खिमा. तो आधी पाणी सोडतो. ते पाणी आटेपर्यंत मोठ्या आचेवर परतत राहायचं, घाई करायची नाही. पाणी आटून तेल सुटलं की दोन टोमॅटो, बटाट्याच्या फोडी किंवा मटार, मीठ आणि वाटीभर गरम पाणी. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं. वरून कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू. पाऊण तासात ताट तयार. मांसाचे धागे सुऱ्याने आधीच तुटलेले असतात, म्हणून जे मांस एरवी तासभर शिजवावं लागतं, ते इथे लवकर मऊ होतं. पण याच कारणाने खिमा आणल्या दिवशीच शिजवावा. बारीक केलेल्या मांसाला सगळीकडून हवा आणि हात लागलेला असतो, ते लवकर खराब होतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, रोटीबरोबर खा. सुट्टीच्या सकाळी खिचडी, खिमा आणि चिंच-तिळाचं खट्टं एका ताटात आलं, की हैदराबादपासून इथपर्यंतची सगळी जुनी निजामशाही त्या ताटात उतरते. मुंबईचा इराणी हाच खिमा पावाबरोबर देतो, आणि तो पाव पोर्तुगीजांचा.

हा हिशेब फक्त आपलाच आहे असं मात्र समजू नका. पार व्हिएतनामपर्यंत गेलात तरी कामाच्या दिवशीचं रात्रीचं जेवण असंच असतं. तिकडे बहुधा डुकराचं मांस, पण तेही असंच बारीक केलेलं. लसूण, मिरची, थोडी साखर, मासळी मुरवून केलेलं खारट पाणी आणि बारीक चिरलेला गवती चहा, हो, आपण चहात टाकतो तोच. पंधरा मिनिटांत तव्यावर होतं आणि गरम भातावर वाढतात. ही चव भारतातही येऊन राहिली आहे. व्हिएतनाम फ्रेंचांच्या ताब्यात असताना पुदुच्चेरीचे अनेक तमिळ लोक तिकडे नोकरीला गेले, आणि १९५४ साली फ्रेंच सत्ता संपल्यानंतर त्यांतले कितीतरी जण व्हिएतनामी बायका-मुलांसह परतले. तांदळाच्या पातळ पापडात खिमा गुंडाळून तळलेले रोल त्या बायकांनी पुदुच्चेरीत आणले. इब्न बतूताच्या समोशाचे हे दूरचे भाऊबंदच म्हणायचे. व्हिएतनामी बाईला तुर्की शब्द ठाऊक नव्हता, आमच्या अम्मीला गवती चहाचा खिमा ठाऊक नव्हता. थोडं मांस आणि खाणारी तोंडं जास्त, एवढं दोघींना ठाऊक होतं.

आता अलीकडच्या काळाकडे येतो, कारण इतिहास अकबरापाशी थांबत नाही. महाराष्ट्रात गोवंशहत्येविषयीचा सुधारित कायदा मार्च २०१५ मध्ये लागू झाला. गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती, ती आता बैल आणि वळूंनाही लागू झाली; म्हशीला झाली नाही. या कायद्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं, न्यायालयातही गेलं. मला इथे एवढंच नोंदवायचं आहे, की आमच्या मोहल्ल्यांत जी घरं बकऱ्याचं मटण घेऊ शकत नव्हती, त्यांच्या रात्रीच्या पातेल्यात बड्याचाच खिमा असायचा. त्यांचा हिशेब त्या वर्षी बदलला. कुणी म्हशीच्या मांसाकडे वळलं, कुणी कोंबडीच्या खिम्याकडे, कुणी आठवड्यातला तो दिवस डाळीवर काढला. काही कसायांच्या मुलांनी रिक्षा घेतल्या. चर्चेत हे कुठे आलं नाही, कारण चर्चा मोठ्या देगीची असते. पावशेरवाल्याचा आवाज तिथपर्यंत पोचत नाही.

दुसरीकडे त्याच काळात खिमा शब्द मात्र फोफावला. शाकाहारी घरांत सोयाचा खिमा होतो. गाड्यांवर अंड्याचा खिमा मिळतो. मांस वगळलं तरी शब्द टिकला, आणि त्यातला दखनी 'ख' जसाच्या तसा.

आमच्या शहराने चारशे वर्षांत किती नावं पाहिली. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली. तिचं फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. प्रत्येक नावाचा इतिहास लिहिला गेला आहे आणि त्यावर वादही झडले आहेत. या सगळ्या नावांखाली रोज संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या बायकांनी काय शिजवलं, केवढ्यात शिजवलं, कमी पडलं तेव्हा काय वाढवलं, हे फारसं कुणी लिहिलं नाही. अबुल फजलने बादशहाच्या खिम्याचं वजन लिहून ठेवलं, म्हणून ते आज मला तुम्हाला सांगता आलं.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात आई असेल, आजी असेल, सासूबाई असतील, नानी-दादी असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कुठल्या साली काय भाव होता, घरात खाणारी माणसं किती होती, आणि पावशेरात त्या कसं भागवत होत्या, ते विचारा आणि लिहून ठेवा. खिमाच असला पाहिजे असं नाही; झुणका असेल, आमटी असेल. वर तारीख टाका आणि त्या बाईचं नाव लिहा.