धूर, दाखला आणि सरहद्द

इतिहासाच्या व्याख्यानात लढाया, तह आणि राजघराणी यांचीच अपेक्षा असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या गोष्टींचा सामान्य माणसाच्या संसाराशी रोजचा संबंध येतो, त्यांनाही इतिहास असतो. आणि पुष्कळदा तो तहनाम्यांहून अधिक बोलका असतो. असाच एक साधा प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे. एका गृहस्थाने आपल्या मोटारीचे इंजिन बदलले. पुढे नोकरीधंद्यामुळे तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहावयास गेला. तेथे गाडीची नोंद व्हावी आणि धुराच्या परीक्षेत ती उत्तीर्ण व्हावी म्हणून तो सरकारी दारी उभा राहिला. त्याला तेथे जे अडथळे लागतात ते कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने उभे केले?

हा प्रश्न सोलापुरात विचारणे अप्रस्तुत नाही. नवी पेठेत सायंकाळी बाजाराच्या वेळी उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचाव्या. सोलापूरच्या एमएच १३ बरोबर विजयपूरची केए २८ दिसते, कलबुर्गीची केए ३२ दिसते, तेलंगणाहून आलेल्या पाहुण्यांची गाडीही दिसते. मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषा ज्या शहराच्या दुकानांतून सहज बोलल्या जातात, तेथे राज्याची सरहद्द ही भूगोलाच्या पुस्तकातील रेघ नसून घरोघरच्या सोयरिकीतून जाणारी वाट आहे. माणूस ही वाट सहज ओलांडतो. गाडीला मात्र कागद लागतात.

या कागदांचा उगम पाहू. १९१४ साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा पहिला कायदा झाला. त्या काळी मोटारी थोड्या, त्यांचे धनी ओळखीचे आणि सरकारची चिंता मुख्यतः अपघाताची. सोलापूर मुंबई इलाख्यात होते. पण येथून अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरांवरचे तुळजापूर निजामाच्या हैदराबाद राज्यात आणि त्याहूनही जवळचे अक्कलकोट स्वतंत्र संस्थानात. देवीच्या दर्शनास निघालेला सोलापूरकर दुसऱ्या राज्यात जात असे. तेथे कायदा निराळा, कर निराळा आणि चलनी नाणेही निराळे. तेव्हा परराज्यातील गाडी हा विषय आमच्या या शहरास नवा नाही. तो मोटारीइतकाच जुना आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या पसाऱ्यास घडी घातली. त्यातील दोन कलमे आमच्या विषयाचा पाया आहेत. एका कलमाने असे ठरविले की, गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या प्रांतात ठेवली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा. दुसऱ्या कलमाने असे ठरविले की, दाखल्यावरील वर्णन खोटे ठरेल असा फेरफार गाडीत करावयाचा असेल तर आधी अधिकाऱ्यास कळवून संमती घ्यावी. म्हणजे फेरफारास बंदी नव्हती. चोरून केलेल्या फेरफारास बंदी होती. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा इतिहास या भेदाभोवतीच फिरतो.

त्या काळाची गरजही तशीच होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविण्यात आल्या. गाडीच्या मागे भट्टी बसवावी, कोळसा पेटवावा, आणि तो वायू इंजिनात न्यावा, अशी ती योजना. चढ आला की गाडीचा जीव कासावीस होई. पण प्रवास थांबत नसे. युद्ध संपल्यावर सैन्याच्या मोडीत निघालेल्या जीप व ट्रक बाजारात आले, आणि आपल्या मिस्त्रींनी एकाचे इंजिन दुसऱ्यास बसविण्याची विद्या हस्तगत केली. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, परदेशी सुटा भाग मिळत नाही, पण गाडी तर चालली पाहिजे: अशा अवस्थेत इंजिन बदलणे हा शौक नव्हता, तो संसाराचा भाग होता.

यानंतर १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आला. राज्यांची पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातील विजापूर आणि हैदराबाद राज्यातील गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. उस्मानाबाद मुंबई राज्यात आले. त्या दिवशी कित्येक मोटारी जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांचे राज्य हलले. १९६० साली महाराष्ट्र झाला. सोलापूरच्या दोन बाजूंना सरहद्द पक्की झाली, आणि शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या विजापूरला किंवा गुलबर्ग्याला बिऱ्हाड हलविणे म्हणजे गाडीचा कर, क्रमांक व दाखला हे सारे नव्याने करणे, असा अर्थ झाला.

इतका वेळ आम्ही क्रमांकाचा इतिहास सांगितला. धुराचा इतिहास निराळ्या ओढ्याने वाहत आला आहे. सोलापूरला धुराची ओळख मोटारीने करून दिली नाही. ती गिरणीने करून दिली. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून या शहराच्या आकाशात धुराडी उभी राहिली. मुंबईत गिरण्यांच्या धुरासाठी १९१२ साली कायदा झाला. मोटारीच्या धुराविषयी नियम करण्याची सत्ता १९३९ च्या कायद्यात होती, परंतु धूर मोजावयाचे यंत्र नव्हते आणि मोजण्याची निकडही कोणास वाटत नव्हती. शिपायाच्या डोळ्यांस धूर काळा दिसला तर तो काळा, एवढेच माप.

ही निकड उत्पन्न झाली ती मुंबईत. आणि त्या कथेचे एक टोक सोलापुरात आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्याच कारखान्यातून पुढे ती फियाट व पद्मिनी गाडी निघाली, जी काळ्यापिवळ्या रंगात मुंबईची टॅक्सी झाली. मूळ गाडी पेट्रोलची. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर पेट्रोल महागले, डिझेल स्वस्त राहिले. टॅक्सीवाल्याने साधा हिशेब केला: पेट्रोलचे इंजिन काढावे, डिझेलचे बसवावे. अशा गाड्या पुष्कळ झाल्या. एका माणसाच्या हिशेबाने ते शहाणपण होते. परंतु अशा इंजिनांचा धूर जेव्हा एका शहराच्या श्वासात मिसळला तेव्हा तो सर्वांचा प्रश्न झाला. १९९९ साली धुराने गांजलेल्या रहिवाशांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. परिवहन आयुक्त लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २००० साली अहवाल दिला, आणि त्यानंतर जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आणण्यात आल्या. म्हणजे पुन्हा इंधन बदलले. परंतु यावेळी ते न्यायालयाच्या आज्ञेने. एकाच गाडीच्या पोटात झालेला एक फेरफार दोष ठरला आणि दुसरा उपाय ठरला. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

दरम्यान क्रमांक आणि धूर हे दोन ओढे एकमेकांजवळ येत होते. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ४७ व्या कलमाने बारा महिन्यांची जुनी मुदत कायम ठेवली. ४८ व्या कलमाने मूळ राज्याचे ना-हरकत पत्र आवश्यक केले. आणि ५२ व्या कलमात फेरफाराचा विषय आला. १९९० पासून चालू गाड्यांच्या धुरास मोजलेली मर्यादा लागली: पेट्रोलच्या चारचाकीस कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के. लोकांच्या तोंडी ज्यास पीयूसी म्हणतात, ते प्रमाणपत्र अशा रीतीने घरोघर आले.

येथे आमच्या गृहस्थाच्या अडचणीचे खरे मर्म आहे. तपासणी-केंद्रावर नळी लावली जाते ती इंजिनाच्या धुरास. पण उत्तीर्ण होण्याची मर्यादा ठरते ती गाडीच्या दाखल्यावरून. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीस ३ टक्के. स्टेज-२ पासून पुढील मोटारीस ०.५ टक्का, स्टेज-४ च्या मोटारीस ०.३ टक्का. डिझेलची परीक्षाच निराळी: तेथे धुराचा दाटपणा पाहतात. आता विचार करावा. जुन्या अंगावर नवे इंजिन बसविले तर गाडी ढिल्या मापाने सहज सुटते. नव्या अंगावर जुने इंजिन बसविले तर ती कडक मापात अडकते. आणि दाखल्यावर पेट्रोल लिहिलेले असून पोटात डिझेल असेल तर कोणती परीक्षा घ्यावी, हेच उमगत नाही. धूर इंजिनाचा, नाव मात्र गाडीचे, असा हा प्रकार आहे.

परदेशी या कोड्याचे उत्तर कसे काढले? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६६ पासून मोटारींच्या धुरास मर्यादा घातली. तेथे इंजिन बदलण्यास मज्जाव नाही. अट एवढीच की, बसविलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्याहून नवे असावे, ते त्याच वर्गातील वाहनाचे असावे, आणि त्या इंजिनाबरोबर आलेली धूर कमी करणारी सारी साधने गाडीत असावी. मग राज्याने नेमलेल्या पंचाकडे गाडी न्यावी. तो तपासून गाडीस तशी चिठ्ठी डकवितो. पुढील प्रत्येक परीक्षा त्या इंजिनाच्या मापाने होते. मिस्त्रीच्या कौशल्यास वाव राहिला आणि हवेचेही रक्षण झाले.

आपल्याकडे दिशा उलटी गेली. २००० साली ५२ वे कलम बदलले. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत असा फेरफार करू नये, असे त्यात आले. अपवाद ठेवला तो मान्य संच बसवून निराळ्या इंधनावर गाडी चालविण्याचा. किमान दहा व्यावसायिक वाहनांच्या मालकास त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वसंमतीविना बदलू देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. मात्र चौदा दिवसांत कळविणे भाग आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थच ग्राह्य धरला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अमान्य फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या.

यामागील हेतू अनुदार होता, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या टॅक्सींचा अनुभव ताजा होता. चोरीच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत लपविले जाते, हेही खरे. आणि धूर हा थट्टेचा विषय नाही: २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेचे मान न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत, सोलापूरचे नाव आहे. नवी पेठेतील दुकानदार दिवसभर जी हवा घेतो ती कोणा एकाच्या मालकीची नाही.

परंतु इतिहास पाहता एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. १९३९ च्या कायद्याने सांगणाऱ्यास वाट दिली होती. आजची व्यवस्था सांगणाऱ्यास अडविते. लपविणारा पेट्रोलचे पेट्रोलला इंजिन बसवून धुराच्या नळीपुरता सुटू शकतो, कारण ती नळी इंजिनाचा क्रमांक वाचीत नाही. तो सापडतो कोठे? सरहद्दीवर. राज्य बदलताना नवे कार्यालय चासीचा पेन्सिलीने ठसा घेते, क्रमांक ना-हरकत पत्राशी ताडून पाहते, आणि वर्षांपूर्वीचा फेरफार तेथे उघडा पडतो. म्हणून ज्याने त्याच बनावटीचे इंजिन रीतसर बसविले असेल त्याने ती नोंद जुन्या राज्यातच, ना-हरकत पत्र मागण्यापूर्वी, करून घ्यावी. गाव सोडल्यावर जुन्या कार्यालयाचे दार दूर जाते, आणि नव्या कार्यालयास जुन्या गोष्टीची साक्ष देता येत नाही.

सरकारनेही एक पाऊल टाकावे, असे आमचे मत आहे. २०२२ साली लहान डिझेल वाहनांत वायूचे इंजिन बसविण्यास नियमांत जागा झाली. पुण्यात १९६६ पासून वाहन-संशोधनाची संस्था उभी आहे. परीक्षेचे ज्ञान घरचेच आहे. मग अधिक स्वच्छ इंजिन बसविणाऱ्याने गाडी पंचापुढे न्यावी, इंजिनाच्या मापाने परीक्षा द्यावी, आणि ते दाखल्यावर लिहून घ्यावे, अशी वाट का असू नये? १९५६ साली सरहद्द एका रात्रीत हलली, तरी माणसांनी आपले व्यवहार सचोटीने चालविले. धुरास सरहद्द नाही. विजापूरचा वारा सोलापुरात येतोच. तेव्हा दाखल्याने खरे बोलावे आणि खरे बोलणाऱ्यास दार उघडे असावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.