उभ्या शिळा आणि त्यांचे वारस

भीमेच्या काठचे जुने पळसदेव गाव आज उजनीच्या पाण्याखाली आहे. १९८० साली धरण पूर्ण झाले, इंदापूर तालुक्यातील कितीतरी गावे आपली जुनी घरे सोडून वरच्या माळावर येऊन वसली. पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र जागच्या जागी राहिले. जलाशयाचे पाणी उतरू लागले की आधी त्याचे शिखर दिसते. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की सारे आवार उघडे पडते आणि मंदिरासोबत तेथील वीरगळ व सतीशिळाही उजेडात येतात. मग दुरून दुरून लोक ते पाहायला येतात. याच जलाशयाच्या काठी भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी गर्दी लोटते. समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेच्या या कोरड्या मुलखात माणसाच्या हाताने एक किनारा तयार झाला आणि त्या किनाऱ्यावर उभ्या शिळाही आहेत. त्या कोणाच्या, कशासाठी उभ्या केल्या, असा प्रश्न लहान मुले विचारतात. उत्तर देणारी वडीलधारी माणसे मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत.

जगात असा प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला गेला असेल तो फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील कार्नाक या गावी. ब्रिटनी प्रांतातील हे लहानसे गाव विसाव्या शतकाच्या आरंभापासून समुद्रस्नानासाठी प्रसिद्ध झाले. किनाऱ्याला उपाहारगृहे आणि विश्रामगृहे. गावाच्या मागे, काही किलोमीटरपर्यंत पसरलेल्या माळावर, तीन हजारांहून अधिक उभ्या शिळा. मेनेक, केर्मारिओ आणि केर्लेस्कान अशा तीन मुख्य समूहांत त्या रांगेने उभ्या आहेत. एकट्या मेनेकच्या माळावर अकरा रांगांत हजारावर दगड आहेत. काही जेमतेम कमरेइतके, तर काही माणसाच्या दुप्पट उंचीचे. स्थानिक भाषेत ‘मेन’ म्हणजे दगड आणि ‘हिर’ म्हणजे लांब; त्यावरून अशा शिळेला मेनहिर हे नाव पडले. अलीकडच्या कालमापनानुसार या परिसरातील रांगांचा आरंभ इ. स. पू. ४६०० च्या सुमारास झाला. म्हणजे इजिप्तमधील थोर पिरॅमिड उभे राहण्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी! ज्या शेतकऱ्यांनी त्या उभारल्या त्यांच्यापाशी लोखंड नव्हते, लिपीही नव्हती. त्यामुळे त्यांचा हेतू आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

परंतु ब्रिटनीचे भाविक लोक उत्तराविना राहिले नाहीत. तिसऱ्या शतकातील पोप संत कॉर्नेलियस हे तेथे जनावरांचे, विशेषतः गाईबैलांचे, रक्षणकर्ते मानले जातात. रोमन सैनिक पाठीस लागले असता ते बैलांसह पळत समुद्रापर्यंत आले. पुढे पाणी, मागे शत्रू, अशा संकटात त्यांनी मागे वळून पाहिले आणि सारे सैन्य जागच्या जागी दगड झाले, अशी दंतकथा आहे. इतिहास वेगळे सांगतो: संत कॉर्नेलियस यांनी २५१ ते २५३ या काळात ख्रिस्तसभेची धुरा वाहिली आणि इटलीतच हद्दपारीत देह ठेवला. तरीही कार्नाकच्या सतराव्या शतकातील चर्चच्या दर्शनी भिंतीवर ते दोन बैलांच्या मध्ये उभे आहेत आणि सप्टेंबरमधील त्यांच्या सणाला तेथे जनावरांना आशीर्वाद देण्याची परंपरा आहे. बेंदूर किंवा पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा सण परका वाटणार नाही.

येथे ख्रिस्तसभेचा अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत गॉल देशातील धर्मसभांनी दगडांची पूजा करण्यास वारंवार मनाई केली. अशी आज्ञा पुन्हा पुन्हा द्यावी लागली, याचा अर्थच असा की लोक त्या शिळांना सोडत नव्हते. दुसरीकडे, ६०१ साली पोप थोर ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मठाधिपती मेलितस यांना पत्र पाठवून कळवले की तेथील लोकांची देवळे पाडू नयेत. मूर्ती तेवढ्या दूर कराव्यात, वास्तू पवित्र जलाने शुद्ध करावी आणि तेथेच वेदी उभारावी. ब्रिटनीत पुढे या दुसऱ्या वाटेच्या खुणा पुष्कळ दिसतात. कार्नाकच्या एका प्रागैतिहासिक थडग्याच्या टेकाडावर संत मायकल यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. सेंट-युझेक येथील प्रचंड मेनहिरवर १६७४ साली प्रभू येशूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरून माथ्यावर क्रूस बसवण्यात आला. शिळा तीच राहिली. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्यामुळेच ती आजवर टिकली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बारामती-इंदापुरात कार्नाकसारख्या प्रागैतिहासिक शिळांच्या रांगा नाहीत. पण मानवी वस्ती मात्र अतिप्राचीन आहे. बारामती तालुक्यातील मोरगाव मयूरेश्वरासाठी प्रसिद्ध. तेथेच कऱ्हा नदीच्या परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर संशोधकांना सापडला आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या विद्वानांच्या परिश्रमांतून इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आले. ते लोक मृतांना घराच्या आवारात, जमिनीखालीच पुरत. बालकाला दोन रांजणांची तोंडे जुळवून त्यांत ठेवीत, तर प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. ज्यांचे पूर्वज घरातच निजले होते, त्यांना माळावर शिळा उभारण्याची गरज कदाचित भासली नसेल.

मृतांसाठी मोठे दगड मांडण्याची प्रथा महाराष्ट्रात दिसते ती विदर्भात. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठमोठ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथेही अशी दफने सापडली. ती लोहयुगातील, म्हणजे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील; कार्नाकच्या मानाने पुष्कळ अलीकडची. मृतासोबत लोखंडी शस्त्रे, भांडी आणि कधी कधी साज चढवलेला घोडाही पुरलेला आढळतो. जुनापाणीच्या शिळांवरील वाटीसारख्या खळग्यांची युरोपातील शिळांवरील खळग्यांशी तुलना करणारा इंग्रज अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नाक हा होता. १८७९ साली त्याने या विषयावर लेखन प्रसिद्ध केले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कार्नाक, ज्यांच्या नावाने मुंबईतील कर्नाक बंदर ओळखले गेले, ते त्याच घराण्यातील. शिळांचे गाव आणि शिळांचा अभ्यासक यांचे नाव एकच असावे, ही मोठी मौजेची गोष्ट!

आपल्या गावोगावच्या वीरगळांना इतके प्राचीनत्व नाही. ते मध्ययुगातले, पुष्कळसे यादवकाळाच्या आसपासचे. त्यांच्यात आणि प्रागैतिहासिक शिळांत धागा एकच, तो म्हणजे मृताच्या स्मरणासाठी दगड उभा करणे. मात्र वीरगळ मुका नाही. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गावची गुरे पळवणाऱ्यांशी. त्यावर अप्सरांबरोबर वर जाणारा वीर. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. आणि माथ्याजवळ चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे स्मरण राहो. सतीशिळेवर काकणे घातलेला हात असतो. तो हात पाहताना त्या प्रथेची भीषणताही विसरता येत नाही. येथे राजेरजवाड्यांची नावे नाहीत. गुरांमागे धावून मेलेला एखादा सामान्य गावकरी आहे. ज्याच्याविषयी एकही कागद लिहिला गेला नाही, त्याचा हा एकमेव दस्तऐवज आहे.

या शिळा शेंदूर लावून कोणी म्हसोबा म्हणून पूजल्या, म्हणून पुष्कळ वाचल्या. ज्यांना कोणतेच नाव मिळाले नाही त्या ओट्याची पायरी झाल्या, पाणवठ्यावर धुण्याचा दगड झाल्या, जीर्णोद्धाराच्या सिमेंटमध्ये गाडल्या गेल्या. विदर्भातील वर्तुळांचे दगडही खाणींनी, रस्त्यांनी आणि वाढत्या वस्तीने गिळले आहेत. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २०२३ साली खुद्द कार्नाकमध्ये एका दुकानाच्या बांधकामासाठी ३९ लहान शिळा हटवल्याचे उघड झाले. त्या खरोखर प्रागैतिहासिक होत्या की नाही यावर नंतर वाद झाला. पण तो वाद शिळा गेल्यावर झाला. दोनच वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, कार्नाक व मोर्बिहान किनाऱ्यावरील महापाषाणांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पॅरिस येथील त्याच अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचाही त्या यादीत समावेश झाला. पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड आणि राजगड त्यांत आहेत. किल्ल्याला इतिहास आहे, अभिमान आहे, आता जगाचा शिक्काही आहे. पारावर टेकून ठेवलेल्या वीरगळाला मात्र गावावाचून कोणी नाही.

त्या गावात आपणही आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ख्रिस्तश्रद्धा चार-पाच पिढ्यांची आहे. गावाशी असलेले नाते त्याहून जुने आहे. शेंदूर फासलेला दगड दिसला की तो आपला नव्हे असे म्हणून आपण पुढे जातो. पूजा आपली नव्हे, हे खरेच. पण स्मरण? दोन नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपण आजोबा-पणजोबांच्या क्रूसावर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, पुसट झालेली अक्षरे बोटाने चाचपून मुलांना वाचून दाखवतो. दगड म्हणजे देव नव्हे आणि तरीही तो नुसता दगड नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पवित्र शास्त्रात यहोशवाने यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रातून बारा दगड उचलवून गिलगाल येथे उभे केले. पुढे मुलांनी या दगडांचा अर्थ विचारला तर वडिलांनी तो सांगावा, अशी त्याची आज्ञा होती. दगड उभारण्याइतकेच सांगणेही त्याने महत्त्वाचे मानले. कार्नाकच्या रांगा उभारणाऱ्यांनीही आपल्या मुलांना काही सांगितले असेल. मध्येच कोठेतरी सांगणारा संपला आणि साडेसहा हजार वर्षांची शिळा उरली, अर्थ गेला. आपल्याकडील वीरगळांचा अर्थ अजून गेलेला नाही. धर्मग्रामातील तरुणांनी सुट्टीत आपापल्या गावी जाऊन वेशीवर, पारावर, ओढ्याकाठी असलेल्या अशा शिळांची छायाचित्रे काढावीत, जागा नोंदवावी, वृद्धांना त्यांविषयी काय ठाऊक आहे ते लिहून घ्यावे, आणि ती वही गावच्या शाळेत ठेवावी. पाणी पुन्हा चढण्याआधी एवढे तरी करता येईल.